तहान लागत नाही

वैजयंतीबाईंच्या डब्यात आज काय आहे हे बघायला स्टाफरूममधले दोघेतिघे रोज मान वाकडी करायचे आणि रोज हसायचे. मोड आलेली मटकी, काकडी, ज्वारीची अर्धी भाकर. शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर कचोऱ्या मांडलेल्या असायच्या. "मॅडम, शंभर वर्षं जगून करणार काय?" असं इंग्रजीचे सर विचारायचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नसे, तरी विचारायचे. बाई हसून सोडून द्यायच्या, पण आतून त्यांना बरं वाटायचं. वय बावन्न झालं होतं आणि ना बीपी, ना शुगर. रोज पहाटे दर्ग्याच्या रस्त्यानं चार किलोमीटर चालणं, हे मंगरूळपिरातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं. कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवायच्या. आहाराचा धडा शिकवायचा तर आधी आपण तसं जगावं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

त्या वर्षी अमरावतीच्या एका चर्चासत्रासाठी त्यांनी निबंध लिहायला घेतला. विषय होता, कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या सवयी. बावीस प्रश्नांचा फॉर्म काढला. उठता किती वाजता, सकाळी काय खाता, तंबाखू किती, मोबाइल किती, दिवसभरात पाणी किती ग्लास, कमी पीत असाल तर कारण काय. फॉर्म वाटायला आणि गोळा करायला त्यांनी बीए दुसऱ्या वर्षाची सुप्रिया घेतली, मोजणीला तिच्यासोबत वर्गातली दोन पोरं.

सुप्रिया आसेगावची. बाप चंपत आणि आई प्रयागबाई, दोघं मिळून विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला काढायचे. पोरगी सकाळी सव्वासहाच्या एसटीनं निघायची ती संध्याकाळी पाचला घरी पोचायची. अक्षर मोत्यासारखं, आणि कामाला कधी नाही म्हणणं नाही. "मले तुमच्यासारखं आहाराचंच शिकवाचं हाये, मॅडम," असं ती एकदा म्हणाली होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. ते वाक्य त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

फॉर्म आले. कर्मचाऱ्यांचं बाईंना ठाऊकच होतं. तेवीसपैकी नऊ जणांना तंबाखू, चौदा जणांना चालणं म्हणजे पार्किंगपासून खुर्चीपर्यंत. पोरांमधले निम्मे खर्रा घोटणारे. पण पोरींच्या फॉर्मांनी बाई चक्रावल्या. चौऱ्याऐंशी पोरी होत्या. त्यातल्या एकाहत्तर जणींनी लिहिलं होतं की घरी पोचेपर्यंत पाणी एक ग्लास, फार तर दोन. आणि कारणाच्या रेघेवर जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर. तहान लागत नाही.

"एकीनं लिहिलं की बाकीच्या टिपतात," बाई वैतागून म्हणाल्या. "बेचाळीस डिग्रीच्या गावात तहान लागत नाही?"

सुप्रिया फॉर्मांचे गठ्ठे बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात अर्धा तास पाण्यावर घेतला. रक्त, घाम, मूत्रपिंड, फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. मग चिडूनच म्हणाल्या, "केसांच्या पिना आठवणीनं आणता, पाण्याची बाटली आणायला होत नाही? सुप्रिया, तू सांग. तू तर माझ्यासोबत फॉर्म मोजलेस. तू किती पितेस?"

सुप्रिया उभी राहिली. "दोन ग्लास, मॅडम."

"का?"

"नाई लागत, मॅडम. तहान."

तिच्या शेजारी बसलेल्या वर्षाराणीनं, तिच्याच गावच्या मैत्रिणीनं, वहीत तोंड घातलं. बाईंना वाटलं ती हसते आहे. त्या आणखी रागावल्या.

फेब्रुवारीत चर्चासत्र झालं. निबंधाच्या शेवटी बाईंनी सहा निष्कर्ष काढले होते. चौथा असा होता, की ग्रामीण विद्यार्थिनींमध्ये पाणी पिण्याबाबत जागरूकतेचा अभाव आढळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, असे मुळाशी जाणारे अभ्यास व्हायला हवेत.

मार्चमध्ये एक दिवस सुप्रिया कपाटातल्या वह्या लावता लावता मधेच थांबली आणि कमरेला हात दाबून खुर्चीवर बसली.

"काय गं?"

"कंबर भरली, मॅडम. काल वांगे तोडले दिवसभर." तिनं बॅगेतून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी तशीच कोरडी गिळली. पट्टीतल्या बऱ्याच गोळ्या संपल्या होत्या.

"कुणी दिल्या या?"

"गावच्या मेडिकलवाल्यानं. बरं वाटते यानं."

"अशा गोळ्या खाऊ नयेत सारख्या. पाणी पी आधी. पाणी न पिण्यानंच होतं हे सगळं," असं म्हणून बाईंनी आपली बाटली तिच्यापुढे धरली. सुप्रियानं मान राखायला एक घोट घेतला, ओठ पुसले आणि बाटली परत दिली. आपण वेळेवर सांगितलं, या समाधानात बाई तासाला निघून गेल्या.

परीक्षा लागली एप्रिलच्या शेवटी. उन्हानं वर्गातले पंखेसुद्धा गरम हवाच फेकत होते. तिसऱ्या पेपरला वैजयंतीबाई सुप्रियाच्याच खोलीवर देखरेखीला होत्या. दीड तास झाला असेल. सुप्रियाचा चेहरा पांढराफटक पडलेला त्यांना दिसला, आणि त्या जवळ जाईपर्यंत पोरगी बाकाच्या कडेला ओकली. बाईंनी शिपाई भागवतला हाक मारून खोलीवर दुसऱ्या सरांना उभं केलं आणि तिला धरून बाहेर आणलं.

जवळ म्हणून त्या तिला स्टाफच्या लेडीज रूमकडे घेऊन गेल्या. त्या खोलीला कुलूप असे. चार बाया स्टाफवर होत्या, चौघींकडे चार किल्ल्या. बाईंनी कुलूप काढलं, सुप्रियाला आत सोडलं आणि बाहेर उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला. आतून एकदा कण्हल्याचा आवाज आला.

पोरगी बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते. "मॅडम, लघवीले लय आग होते. लालसर होते." मग ती मागं वळून त्या पांढऱ्या फरशीकडे, भरलेल्या बादलीकडे, दाराच्या कडीकडे बघत राहिली. "इथं पानी येते?"

"येतं की. का?"

"काई नाई."

"पोरींच्या संडासात नाही येत?"

सुप्रियानं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "पेपर राह्यला, मॅडम. जाऊ द्या मले. दोनच प्रश्न राह्यले."

"पेपर राहू दे. डॉक्टरकडे जाऊ."

"नाई मॅडम, वर्ष जाईन माह्यं. बाबा पुन्हा नाई पाठवाचे."

बाईंनी तिला जाऊ दिलं. उरलेला तासभर पोरगी बाकावर वाकून लिहीत होती आणि बाई खिडकीपाशी उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. पुढे कित्येक दिवस त्यांना तो तास जसाच्या तसा आठवायचा.

पेपर सुटल्यावर सुप्रिया एसटी गाठायला निघून गेली. बाई इमारतीच्या मागच्या बाजूला गेल्या. एकोणीस वर्षं त्या या कॉलेजात होत्या. मागच्या बाजूला पोरींसाठी दोन खोल्या आहेत, हे त्यांना माहीत होतं. पण बघायला त्या कधी आल्या नव्हत्या. एकीत मोडके बाक छतापर्यंत रचलेले. दुसरीच्या दाराला कडी नव्हती, कडीच्या जागी भोक होतं आणि भोकाला कुणाच्या तरी ओढणीची चिंधी बांधलेली. आत नळ होता, तो गंजून गच्च झालेला. वास इतका की बाईंनी पदर नाकाला लावला. भिंतीला लागूनच पोरांच्या गाड्यांचा स्टँड. तिथं पाचसहा पोरं पन्नीत खर्रा घोटत उभी होती. भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत पिचकाऱ्यांनी लाल झाली होती.

वर्षाराणी मावशीच्या घरची सायकल काढत होती. त्या दिवशी ती गावी न जाता मावशीकडेच मुक्कामाला होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तुम्ही सगळ्या इथं येता?"

"कोन येईन इथं, मॅडम?" वर्षाराणी म्हणाली. "पयले यायचो. एक आत जाये, एक दार धरून उभी राहे. मंग पोट्टे खोकलू लागले, शिट्ट्या मारू लागले. तवापासून नाई. सकाळी एसटीत बसाच्या आधी जाऊन येतो, मंग घरी गेल्यावरच. पानी पेलंच नाई तर जा लागत नाई."

"अगं, मग फॉर्मवर का नाही लिहिलंत?"

"फॉर्मवर एकच रेघ होती, मॅडम. एका रेघेत काय लेहाव? अन् ते फॉर्म पोट्टेबी मोजत होते." तिनं सायकलचं हँडल सरळ केलं. "सुप्रिया म्हने, मॅडमले सांगू. मंग तुमी वर्गात रागावल्या."

बाईंनी तिच्याकडून चंपतचा नंबर घेतला.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तर चंपत म्हणाले, "ताप हाये थोडा, गावच्या डॉक्टरनं सुई देल्ली, पडली हाये." बाईंनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. ते "होय, होय" म्हणाले. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीचाच फोन आला. थंडी वाजून ताप चढला होता, पोरगी बरळत होती, वाशीमला नेलं आणि तिथून लगेच अकोल्याला पाठवलं.

बाई अकोल्याला पोचल्या तेव्हा प्रयागबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पायांना अजून शेतातली माती. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावून सांगितलं. खडा होता, तो नळीत अडकला, वर पू झाला, विष रक्तात गेलं. त्यात महिनोन्महिने दुखण्याच्या गोळ्या आणि पोटात पाणी नाही. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. "किती दिवसांपासून दुखत होतं हिला?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंना तारीख सांगता आली नाही, पण आपण बाटली पुढे केली होती तो दिवस आठवला.

त्या प्रयागबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. येताना रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. माझं चुकलं, मी बघायला पाहिजे होतं, असं काहीतरी. पण प्रयागबाईच आधी बोलल्या.

"मीच केलं हे, मॅडम."

"तुम्ही?"

"मीच तिले शिकवलं. कॉलेजात जाऊ लागली तवा मले म्हने, आई, तिथं जागा नाई. मी म्हनलं, पानी कमी पेत जाय बाई, मंग लागत नाई. मी जिंदगीभर तेच केलं. बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसा लागते, तिथं बाईमानसानं जावं कुठं? माही आईबी तसंच करे. मले काई झालं नाई. मले वाटलं, तिलेबी काई होत नाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत नुसत्या बोलत होत्या. "लेकीले शानपन शिकवलं मी."

बाईंनी प्रयागबाईंचा हात धरला. तो हात सांभाराच्या वासाचा होता.

दर तीन दिवसांनी सुप्रियाला डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचे. बाई सुट्टी पडली की अकोल्याला जायच्या. पहिले पंधरा दिवस वाटलं, पोरगी निघेल यातून. ती बोलायची, वर्षाराणीचे पेपर कसे गेले विचारायची. पण मूत्रपिंडं चालत नाहीत म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आणि औषधं. बाहेर मे महिना पेटलेला. पोरीचे ओठ सोलून निघाले होते.

एकदा प्रयागबाई खाली औषध आणायला गेल्या असताना सुप्रियानं बाईंचा पदर ओढला. "मॅडम, एक ग्लास द्या ना. कोनाले सांगत नाई मी."

"नाही गं बाळा. डॉक्टर नाही म्हणतात."

"आता लय तहान लागते, मॅडम," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "सपनातबी विहीर दिसते आमची."

बाईंनी रुमाल ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला. ती रुमालच चोखू लागली. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

आषाढ लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात, सोमवारी दुपारी, सुप्रिया गेली. एकोणीस वर्षं आणि चार महिने.

मंगळवारी बाई प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. प्राचार्यांना बातमी कळली होती. त्यांनी शोकसभेची नोटीस काढायला सांगितलं होतं. "फार वाईट झालं, मॅडम. हुशार मुलगी. शरीराकडे दुर्लक्ष करतात ही पोरं."

"सर, तुम्ही माझ्यासोबत पाच मिनिटं मागे चला."

"मागे म्हणजे?"

"पोरींच्या संडासाकडे."

प्राचार्य गेले. दारातूनच परत फिरले. तपासणी समिती येईल तेव्हा करायचं मनात होतं, म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजपासून आमच्या खोलीचं कुलूप मी काढून टाकते आहे. सगळ्या पोरी तिथंच जातील. कुणाला त्रास होत असेल तर माझ्या नावानं तक्रार द्या." त्यांनी कुलूप खरंच काढलं. बाकीच्या तिघी बाया दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत खोलीपुढे चाळीस पोरींची रांग लागली आणि ती रांग प्राचार्यांच्या खिडकीतून सरळ दिसायची.

मग माणसं आली. मोडके बाक निघाले, नळ बदलला, टाकी बसली, दारं नवी लागली, गाड्यांचा स्टँड पुढच्या बाजूला हलला. तुंबलेली नाली भागवतनं स्वतः उतरून साफ केली. हातपाय धुऊन तो बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"मले माहीत होतं, मॅडम. रोज झाडू मारतो ना मी तिकडं. पन मले कोनं इचारलंच नाई."

"मलाही कुणी विचारलं नव्हतं, भागवत," बाई म्हणाल्या. "विचारणारी तर मीच होते."

कुलूप काढल्यापासून सगळ्या कामाला अकरा दिवस लागले.

त्याच दिवसांत त्यांनी अमरावतीला पत्र लिहिलं, की माझ्या निबंधातला चौथा निष्कर्ष खोटा आहे, तो काढून टाकावा. उत्तर आलं, निबंधांचा अंक छापून झाला आहे.

तेरवीला बाई आसेगावला गेल्या. चंपत मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. प्रयागबाई बाईंना आत घेऊन गेल्या. बाईंना वाटलं, सांगावं. निदान एवढं तरी सांगावं. त्यांनी सांगितलं. पाणी आलं, दारं लागली, आता पोरींना अडचण नाही.

"बरं झालं," प्रयागबाई म्हणाल्या. मग विचारलं, "किती दिवस लागले?"

"अकरा."

प्रयागबाईंनी मनात काहीतरी जुळवल्यासारखं केलं. "अकरा दिवसांचंच काम होतं? मंग आधी काहून नाई केलं, मॅडम?"

आवाजात राग नव्हता. न कळलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं. वैजयंतीबाई म्हणाल्या, "मी मागच्या बाजूला कधी गेलेच नव्हते, प्रयागबाई. माझ्याकडे किल्ली होती."

बाहेरून कुणीतरी हाक मारली तशा प्रयागबाई उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "जेवून जा. उपाशी जाऊ नका."

जेवणं झाल्यावर बाई वर्षाराणीच्या घरी गेल्या. कॉलेज सुरू होऊन महिना होत आला होता आणि पोरगी एक दिवस आली नव्हती. वर्षाराणीचे वडील उकंडराव ओसरीवर बसले होते. बाईंनी नव्या खोल्यांचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, मी स्वतः लक्ष ठेवीन म्हणाल्या. उकंडरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असन, मॅडम. पन एक पोट्टी गेली ना गावातली. आता माही हिंमत नाई होत."

"मी पुढच्या रविवारी परत येते."

"या ना. घर तुमचंच हाये."

बाई चार रविवार गेल्या. कधी उकंडराव वावरात असत, कधी घरी असून गप्प बसत. वर्षाराणी दाराआडून बघायची. पाचव्या रविवारी गेल्या तेव्हा दारात जीप उभी होती आणि ओसरीवर सतरंजी टाकलेली. कामरगावचे पाहुणे आले होते. उकंडराव घाईनं उठले, खुर्ची ओढली. "या मॅडम, बसा. ह्या वर्षाराणीच्या कॉलेजच्या मॅडम हायेत," त्यांनी पाहुण्यांना मोठ्या मानानं सांगितलं.

वर्षाराणी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. पोह्यांच्या बशा ठेवताना तिनं बाईंकडे बघितलं नाही.

"किती शिकली मुलगी?" पाहुण्यांमधल्या एका बाईनं विचारलं.

"बीए दुसऱ्या वर्षाची परीक्षा देल्ली," उकंडराव म्हणाले. "पास झाली."

"मंग आता पुढं?"

उकंडरावांनी क्षणभर वैजयंतीबाईंकडे बघितलं. बाई ताठ बसल्या होत्या, हातातली बशी तशीच धरून.

"पुढं नाई," ते म्हणाले.